घरचा आवळा: लावण्यापासून मोरावळ्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवळ्याचे प्रश्न ऋतूप्रमाणे येतात. माघ-फाल्गुनात "झाड वाळलं का?", वैशाखात "फुलं आली होती, फळं कुठे गेली?", पावसाच्या तोंडावर "कुठली जात लावू?" आणि कार्तिक लागला की मोरावळ्याचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. घरात कुणाला रोजची औषधं चालू असतील, तर आधी प्रश्न १९ आणि २० वाचा.

१. डोंगरी आवळा, रायआवळा आणि भुईआवळी हे एकाच झाडाचे प्रकार आहेत का?

नाही. शास्त्रीय वर्गीकरणात तिघं एकाच प्रजातिसमूहातले आहेत, पण झाडं वेगळी आणि उपयोगही वेगळे. मोरावळा, च्यवनप्राश आणि त्रिफळा यांत जातो तो मोठ्या झाडाचा आवळा: गोल, गुळगुळीत, सहा फिकट रेषांचा, आत कठीण आठळी. डोंगरात आपोआप वाढतो तो रानआवळा म्हणजे हेच झाड. त्याचं फळ लहान, तुरट आणि जास्त रेषाळ असतं. घाटात आणि गडांच्या वाटांवर तिखटमीठ लावून विकतात ते बहुतेक हेच.

रायआवळा फिकट पिवळा, चपटा, ठळक कंगोऱ्यांचा असतो आणि फांद्यांना घोसांनी लगडतो. तो नुसता आंबट असतो. लोणच्याला छान, पण मोरावळ्याला त्याचा उपयोग नाही.

भुईआवळी हे पावसाळ्यात कुंड्यांतही उगवणारं वीतभर तण. पानांच्या खालच्या बाजूला मोहरीएवढी फळं ओळीने लागतात. काविळीवर तिचा रस देण्याची पद्धत जुनी आहे, पण कावीळ झाल्यावर रक्त तपासून न घेता फक्त तिच्यावर दिवस काढू नका. कावीळ कशामुळे झाली, हे पाल्याकडे बघून कळत नाही.

२. खाल्लेल्या आवळ्याची बी लावली तर झाड येईल का?

येईल, पण मोठ्या आवळ्याची बी लावली म्हणून मोठाच आवळा येईल, असं नाही. रोपापासून वाढलेलं झाड फळावर यायला सहा ते आठ वर्षं घेतं, कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ दाखवतं.

तरी हौस म्हणून लावायचं असेल, तर पूर्ण पिकलेल्या फळांच्या आठळ्या कडक उन्हात ठेवा. त्या स्वतःच तडकतात आणि आतून बारीक तपकिरी बिया बाहेर पडतात. रात्रभर भिजवा, तरंगतील त्या टाकून द्या, उरलेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेरा. बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून त्याच हंगामातलं घ्या. असं रोप वर्षभराचं झालं की त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरून, म्हणजे तिच्या फांदीवरचा कोंब रोपाच्या सालीत बसवून, घेता येतो. घरी कलम करायला शिकायचं असेल, तर सुरुवात आवळ्यापासून करायला हरकत नाही.

३. घराच्या अंगणासाठी कुठली जात चांगली?

कृष्णा, कांचन, एनए-७ आणि चकैया ही नावं रोपवाटिकेत ऐकू येतील. यातली पहिली तीन उत्तर प्रदेशातल्या कुमारगंज इथल्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने निवडलेली. एनए म्हणजे 'नरेंद्र आवळा'.

एनए-७ लवकर फळावर येते आणि दरवर्षी भरपूर लागते, इतकी की फांद्यांना टेकू द्यावा लागतो. कृष्णाचं फळ मोठं, रेषा कमी, हंगामात लवकर तयार होतं आणि मोरावळ्याला देखणं. कांचनचं फळ मध्यम, रेषाळ, पण झाड लगडतं. रस आणि किसासाठी ती चांगली. चकैया उशिरा तयार होते आणि काढल्यावर इतरांपेक्षा जास्त टिकते. जुनी बनारसी फळाला सुंदर आहे, पण लागते कमी, गळते जास्त.

मला विचाराल तर एक एनए-७ आणि एक कृष्णा. दोन का, ते पुढच्या उत्तरात. आपल्याकडे १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तिच्यात आवळाही होता. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत कलमं बांधणारे लोक आहेत. कृषी विद्यापीठाची किंवा शासकीय रोपवाटिका जवळ असेल, तर तिथूनच घ्या. रस्त्याकडेच्या गाडीवर जातीची चिठ्ठी असते, जातीची खात्री नसते.

४. झाड सात-आठ वर्षांचं आहे, हिरवंगार आहे, फुलतंही. फळ मात्र चार-दोन. काय कमी पडतंय?

बहुतेक वेळा जोडीदार. सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे. उत्तर म्हणून खतं आणि फवारण्या सुचवल्या जातात, त्यांचा इथे उपयोग होत नाही.

आवळ्याच्या एकाच डहाळीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं असतात. चैत्रात नवी डहाळी निघाली की ती हातात धरून बघा. खालच्या भागात पिवळट-हिरव्या नर फुलांची दाटी दिसेल आणि वर, शेंड्याकडे, देठाजवळ चिकटलेली मोजकी मादी फुलं. दोन्ही असूनही स्वतःच्याच परागाने फळधारणा नीट होत नाही. दुसऱ्या जातीचा पराग लागतो. एकाच जातीची दोन कलमं लावूनही प्रश्न सुटत नाही, कारण ती मुळात एकाच झाडाची अंगं असतात.

उपाय तीन. हाकेच्या अंतरावर वेगळ्या जातीचं दुसरं कलम लावा. शेजारच्या वाड्यात रानआवळा किंवा बियांपासून वाढलेलं झाड असेल, तर तेही चालतं. जागाच नसेल, तर आहे त्या झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचं कलम बांधून घ्या. लहान अंगणात हा तिसरा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक मारू नका. फुलं इतकी बारीक असतात की झाड फुललंय हे मधमाश्यांच्या आवाजावरून कळतं. त्या माश्याच पराग नेतात.

फुलंच येत नसतील, तर प्रश्न वेगळा: झाड बियांचं आहे का (प्रश्न २), दिवसभर ऊन मिळतं का, हे आधी बघा.

५. फ्लॅटच्या गच्चीवर ड्रममध्ये आवळा होतो का?

झाड होतं, मोरावळ्याची बरणी भरेल एवढं फळ होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. कलम घ्या, २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून तळाला भोकं पाडा, माती, शेणखत आणि थोडी वाळू भरा, दिवसाचं पूर्ण ऊन द्या. दरवर्षी फळं काढून झाली की फांद्या आखूड करा. खायला, चटणीला पुरतील एवढे आवळे मिळू शकतात, पण प्रश्न ४ मधली जोडीची अट गच्चीवरही लागू आहे. सोसायटीच्या आवारात कोपरा मिळत असेल, तर ड्रमपेक्षा तिथे लावा.

६. लागवड कधी, खत-पाणी किती?

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की लावा. खड्डा दोन-अडीच फूट लांब-रुंद-खोल आणि कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरलेला. दोन झाडांत २५ फुटांच्या आसपास अंतर लागतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. आवळा हलकी, मुरमाड, थोडी खारवट जमीनही सोसतो. त्याला सोसत नाही ते साचलेलं पाणी. कोकणात उतारावर किंवा उंचवट्यावर लावा, भारी काळ्या जमिनीत चर काढा.

शेणखत वयाच्या प्रत्येक वर्षाला १० किलो या हिशेबाने वाढवत न्या, दहाव्या वर्षी थांबा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला पाणी हवंच. मोठ्या झाडाचं गणित निराळं आहे: पानगळीपासून फुलोरा संपेपर्यंत पाणी तोडा आणि फळ धरल्यावर पुन्हा सुरू करा. फुलोऱ्यात भरपूर पाणी दिलं की फूल गळतं.

पहिल्या वर्षापासून जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतची फूट काढत राहा, वर तीन-चार मुख्य फांद्या चारी दिशांना जाऊ द्या. आवळ्याचं लाकूड ठिसूळ असतं. दिसायला भक्कम फांदीही अचानक मोडते, म्हणून मुलांना या झाडावर चढू देऊ नका.

७. थंडीत सगळी पानं गळली, नुसत्या काड्या उरल्या. झाड गेलं का?

नाही, ही दरवर्षीची पानगळ आहे. आपल्याला जे चिंचेसारखं पान वाटतं, ती खरं तर बारीक पानांच्या दोन ओळी असलेली नाजूक डहाळी असते आणि ती डहाळीच गळते. म्हणून झाड इतकं उघडं दिसतं. खात्री करायची असेल तर फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर दिसली की झाड जिवंत आहे. घाबरून पाणी आणि खत ओतू नका (प्रश्न ६).

८. चैत्रात झाड फुलांनी भरलं होतं. मे महिन्यात बघतो तर एक फळ नाही. कुठे गेलं?

अजून दिसायचं आहे. आवळ्याची ही तऱ्हा दुसऱ्या फारशा फळझाडांत नाही. फळधारणा झाल्यावर आतला गर्भ उन्हाळाभर निजून राहतो. फळ वाढत नाही, डहाळीला चिकटून टाचणीच्या माथ्याएवढं राहतं आणि नजरेला येत नाही. पाऊस स्थिरावला, हवेत ओल आली की ते जागं होतं आणि श्रावण-भाद्रपदात भराभर फुगतं. वैशाखात एखादी डहाळी उन्हाकडे धरून पानांच्या बगलेत बघा, फळ धरलं असेल तर बारीक हिरवे ठिपके सापडतील.

दरवर्षी उन्हाळ्यात कुणीतरी "फळ धरत नाही" म्हणून झाड तोडायला निघतं. निदान गणपतीपर्यंत थांबा.

९. पावसाळ्यात लहान फळं गळतात. किती गळणं चालतं?

बरीच गळ नैसर्गिक आहे. फुलांची सर्वांत मोठी गळ पहिल्या तीन आठवड्यांतच होते, कारण पराग मिळालेला नसतो (प्रश्न ४). पावसाळ्यातली थोडी गळही धरून चाला. गळलेली फळं चिरून बघा. आत अळी किंवा काळेपणा नसेल, तर काळजी नाही. लांब उघाडीनंतर एकदम मोठा पाऊस झाला की गळ वाढते, म्हणून पावसाने ताण दिला तर मोठ्या झाडालाही एखादं पाणी द्या.

१०. फळ बाहेरून सुंदर, चिरलं की आठळीभोवती काळं. कीड आहे का?

अळीचं भोक नसेल, तर ही बोरॉनची कमतरता. काळेपणा आतून सुरू होतो आणि वाढला की सालीवरही डाग उमटतात. फ्रान्सिस नावाच्या जातीत तो फार दिसतो, एनए-७ आणि चकैयात क्वचित.

बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, एका लिटर पाण्यात ६ ग्रॅम घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १०-१५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या करा. जास्त घालू नका, बोरॉन जादा झालं की पानं करपतात. फवारलेली फळं नीट धुऊन वापरा. यंदाच्या काळ्या फळांचा तेवढा भाग कापून टाका, बाकीचं खाता येतं.

११. शेंड्यांना गाठी आल्यात आणि खोडावर भुशाची जाळी दिसते. काय करू?

दोन वेगळ्या अळ्या आहेत. शेंड्याची गाठ चिरली तर आत अळी बसलेली दिसते. गाठीसकट शेंडा कापून जाळा, घरच्या झाडाला एवढं पुरतं. खोडावरची जाळी म्हणजे साल खाणारी अळी. भुसा खरवडला की खाली भोक सापडतं. त्यात तार घालून अळी मारा, रॉकेलचा बोळा कोंबा आणि चिखलाने लिंपून टाका. पानांवर आणि फळांवर तांबूस फोड दिसले, तर तो तांबेरा. रोगट फळं वेचून बाहेर काढा आणि झाडात हवा खेळेल अशी छाटणी करा.

१२. कलमाला सुरुवातीला मोठे आवळे यायचे, आता सुपारीएवढे तुरट येतात. जात बदलते का?

जात बदलत नाही, झाड बदललेलं असतं. कलमाच्या जोडाखालून फुटलेली खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्या रोपाची, फांदी वाढत गेली आणि तिने वरच्या कलमाला दाबलं. बुंध्याशी बसून बघा, जोड कुठे आहे आणि मुख्य फांद्या त्याच्या वरून निघतात की खालून. काही फांद्या वरच्या असतील, तर खालच्या मुळापासून काढा. सगळंच खुंटाचं झालं असेल, तर जोमदार फूट येऊ द्या आणि तिच्यावर नव्याने डोळे भरून घ्या. मुळं जुनी असल्यामुळे फळ लवकर येतं. एक फांदी रानटी ठेवलीत तरी चालेल, परागासाठी ती कामाची आहे.

१३. तुळशीच्या लग्नाआधी आवळा खाऊ नये म्हणतात. रविवारी आणि रात्रीही नको म्हणतात. यात काही तथ्य आहे?

पहिल्याच्या मागे हंगामाचं गणित दिसतं. आपल्याकडे आवळा कार्तिकात भरतो. कार्तिक शुद्ध नवमीला, म्हणजे आवळी नवमीला, झाडाची पूजा आणि झाडाखाली जेवण होतं आणि लगेच तुळशीच्या लग्नात ऊस, बोरं, चिंचेबरोबर आवळा येतो. तोपर्यंत थांबलं की कोवळं फळ तोडलं जात नाही. तयार आवळ्याचा गडद हिरवा रंग फिकट, पिवळसर होतो, साल किंचित पारदर्शक दिसते आणि आतली आठळी पांढरट न राहता तपकिरी होते.

रविवार आणि रात्र यांचा नियम धर्मशास्त्रातला आहे. ज्यांना पाळायचा त्यांनी पाळावा, आहाराच्या अंगाने मला त्याला आधार दिसत नाही. रात्री आंबट खाऊन छातीत जळजळत असेल, तर नका खाऊ, एवढंच.

तयार फळ झाडावर महिना-दीड महिना टिकतं, लागतील तसे काढा. काठीने झोडपू नका. जमिनीवर आपटलेला आवळा दोन दिवसांत डागाळतो.

१४. रोज किती खावा?

एक, फार तर दोन. त्याहून जास्त घेऊन जास्त गुण येत नाही. क जीवनसत्त्वाचे आकडे जुन्या पुस्तकांत १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम दिसतात, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात साधारण २५०. जात, पक्वता आणि ताजेपणा यांनी फरक पडतो. कमी आकडा धरला तरी प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक मध्यम आवळा पुरून उरतो.

खाण्याची उत्तम जागा जेवणाचं ताट. हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून कच्च्या आवळ्याची चटणी करा आणि बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ यांच्याबरोबर खा. धान्यातलं आणि भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणावर लगेच चहा प्यायलात, तर तो फायदा कमी होतो. नुसता आवळा खाल्ल्यावर चूळ भरा, आंबटपणा दातांवर राहू देऊ नका.

१५. शिजवला किंवा वाळवला की सत्त्व जातं का?

क जीवनसत्त्व कमी होतं, सगळं जात नाही. उष्णता, हवा आणि उकळून फेकलेलं पाणी हे तीन चोर आहेत. म्हणून उकडण्यापेक्षा वाफवा, पाण्यात उकडलंत तर ते पाणी सरबतात घ्या, सुपारी पातळ किसून लवकर वाळवा. तांब्या-पितळेची कल्हई उडालेली भांडी टाळा. तुरटपणा देणारी द्रव्यं वाळवल्यावरही राहतात, म्हणून त्रिफळ्यात वाळलेलाच आवळा चालतो. ताज्या आवळ्याचं सगळं मोरावळ्यातून मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मोरावळा चवीसाठी करा.

१६. मोरावळा कसा करायचा? आणि तो पातळ का होतो?

एक किलो मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. काट्याने किंवा दाभणाने सगळीकडून आठळीपर्यंत टोचा. टोचणं हा कंटाळवाणा भाग आहे, पण पाक आत जातो तो याच भोकांतून. चमचाभर तुरटी विरघळवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तीन-चार पाण्यांनी धुवा. मग वाफवा. फळाचा रंग बदलला आणि रेषांवर जेमतेम चीर दिसू लागली की थांबा. पाकळ्या सुटल्या म्हणजे जास्त झालं, त्यांचा वेगळा किसाचा मोरावळा करा. फडक्यावर कोरडे करा.

सव्वा किलो साखर बुडेल एवढ्या पाण्यात विरघळवून उकळा, आवळे सोडा आणि मंद आचेवर आवळा काचेसारखा दिसेपर्यंत आणि पाक बोटांत तार धरेपर्यंत शिजवा. वेलदोडा, केशर शेवटी.

इथे काम संपत नाही. दोन-तीन दिवसांत आवळा स्वतःचं पाणी सोडतो आणि पाक पुन्हा पातळ होतो. तिसऱ्या दिवशी बघा, पाक सैल वाटला तर आवळे बाजूला काढून फक्त पाक उकळून घट्ट करा आणि परत ओता. ही एक पायरी गाळली की महिन्याभरात फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. फेस आलेला, बुरशी धरलेला मोरावळा वरचं काढून खाऊ नका, टाकून द्या. उलट साखरेचे खडे जमले, तर पाक जास्त झाला. थोडं पाणी आणि लिंबाचे दोन थेंब घालून गरम करा.

गुळाचा मोरावळा होतो, रंगाला काळसर आणि चवीला छान. टिकायला जरा नाजूक, म्हणून थोडा करा. साखर निम्मी करून कसं चालेल, असं विचारतात. चालेल, पण मग तो फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवायचा. बरणीत टिकवण्याचं काम साखरच करते.

१७. सुपारी, कँडी आणि आवळकाठी यांत काय फरक?

सुपारी: किसून किंवा वाफवून फोडी करून मीठ, आलं, जिरं, हिंग लावून उन्हात कडक वाळवलेली. कँडी: वाफवलेल्या फोडी साखरेत दोन-तीन दिवस मुरवून, पाक निथळून वाळवलेल्या. त्या पाकाचं सरबत करा. आवळकाठी: मीठ-साखर काही न लावता वाळवलेल्या फोडी, शिकेकाईत आणि त्रिफळ्यात जातात. काष्ठौषधींच्या दुकानातून घेत असाल तर मोडून बघा. आत किडीची पूड किंवा बुरशीचा वास नको.

१८. लोखंडी कढईत आवळा काळा झाला. खाल्ला तर चालतो का? आणि यानेच केस काळे होतात का?

खाण्याला अपाय नाही. आवळ्यातली तुरट द्रव्यं आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. चवीला लोखंडाची कडवट झाक येते, म्हणून स्वयंपाकाला स्टीलचं किंवा काचेचं भांडं बरं. सुरीने चिरल्यावर फोडी तपकिरी पडतात, त्याला मात्र मुख्यतः हवा कारण असते.

केसांना लावण्यासाठी लोक मुद्दाम लोखंडी कढईत आवळकाठी आणि मेंदी रात्रभर भिजवतात, ती याच रंगासाठी. तो बाहेरून बसणारा रंग आहे. आवळा खाऊन किंवा आवळेल लावून पिकलेला केस मुळातून काळा होत नाही. मऊपणासाठी, डोकं शांत वाटतं म्हणून जरूर लावा.

१९. मला मधुमेह आहे. आवळा औषधासारखा घेऊ का?

जेवणात एखादा कच्चा आवळा खायला सहसा हरकत नसते. मोरावळा, कँडी आणि च्यवनप्राश यांत साखर किंवा गूळ भरपूर असतो, त्यांची गणना गोडातच करा. बाटलीतल्या रसाच्या मागचं लेबल वाचा, कित्येकांत साखर असते.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना रोज रस किंवा चूर्ण जास्त प्रमाणात सुरू केलं, तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर अशी लक्षणं आली तर आधी साखर तपासा. आवळा सुरू केला म्हणून गोळी स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. घरातल्या मोठ्यांनी कुणी असं केलं असेल, तर रागावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा.

२०. आणखी कुणी जपून खावा?

ताटातल्या एका आवळ्याला बहुतेकांना अडचण नाही. खालचं सगळं रस, चूर्ण आणि गोळ्या यांबद्दल आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेलेल्यांनी रोजचा पेलाभर रस टाळावा, कारण जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या अंगात लोह साठतं, त्यांनी क जीवनसत्त्वाचं प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावं. गरोदरपणात फळ, चटणी, थोडा मोरावळा ठीक. चूर्ण आणि अर्क विचारल्याशिवाय नको.

२१. आवळा आंबट, तरी पित्तावर चांगला म्हणतात. मला मात्र जळजळ होते. असं का?

आयुर्वेदात आंबट असूनही पित्त शमवणारं फळ म्हणून आवळ्याला मान आहे आणि अनेकांना मोरावळ्याने बरं वाटतं. पण रिकाम्या पोटी कच्चा रस घेतला की काहींना झोंबतो, विशेषतः मुळातच आम्लपित्ताचा त्रास असेल तर. तुमचं शरीर जे सांगतं ते खरं माना. रस बंद करा, जेवणाबरोबर वाफवलेली फोड खाऊन बघा. तरी त्रास झाला तर आवळा सोडा. जळजळ आठवड्यांमागून आठवडे टिकत असेल, तर तपासून घ्या.

२२. हंगाम संपल्यावर वर्षभर कसे ठेवू?

बाहेर टोपलीत आठवडाभर, फ्रीजमध्ये कोरड्या पिशवीत दोन-तीन आठवडे. त्यापुढे दोन सोपे मार्ग. लिटरभर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम मीठ घालून उकळा, थंड करा आणि काचेच्या बरणीत आवळे पूर्ण बुडतील असे ठेवा, दोन महिने सहज जातात. किंवा वाफवून पाकळ्या सोडवा आणि डीप फ्रीजमध्ये टाका. बाहेर काढल्यावर त्या मऊ पडतात, करकरीतपणा जातो, पण चटणी, सरबत आणि सांबाऱ्याला काही बिघडत नाही.

२३. आम्ही परदेशात असतो. दुकानात 'गूसबेरी' मिळते, तिचा मोरावळा होईल का?

होणार नाही. युरोप-अमेरिकेत त्या नावाने मिळतं ते काटेरी झुडपाचं मऊ, रसाळ फळ. कागदी आवरणातली पिवळी 'केप गूसबेरी' म्हणजे आपली रसभरी. भारतीय किराणा दुकानात गोठवलेला आवळा मिळतो, तो घ्या. मोरावळ्याला अख्खा, चटणीला फोडी. गोठवल्याने तो आधीच मऊ असतो, म्हणून वाफवण्याची वेळ निम्मी करा आणि टोचण्याचं काम पूर्ण वितळण्याआधी उरका, म्हणजे फळ फुटत नाही. झाड लावायचं असेल, तर फ्लोरिडासारख्या उबदार हवेत ते जमिनीत वाढतं. कडक हिमाच्या प्रदेशात कोवळं झाड करपतं, तिथे कुंडीत लावून हिवाळ्यात घरात घ्या. पानं गळली तर प्रश्न ७ वाचा.